तिथे आधीच एक जण असणार

मंगळवार, संध्याकाळ. चंदीगड.

दिवाळी अंकाची कथा संपली असं वाटलं होतं. माझी नायिका समांतर विश्वात उडी मारते. तिथे तिनं लग्नानंतरही सांगली सोडलेलीच नाही. मग ती तिथेच राहते, आईजवळ. चहा पिताना ईराला वाचून दाखवलं. लेकीला मराठी कळतं, पण बोलते हिंदीत. म्हणाली, "पर मम्मा, वहाँ तो एक पहले से होगी ना? उसका क्या?"

खरंच की! दारात तिच्याच मापाच्या चपला आधीच असणार. उडी कशी मारायची यावर मी चार पानं खर्चली, आणि त्या चपला मला दिसल्याच नाहीत? त्या दुसरीला कुठे घालवायचं? आणि नायिकेच्या, इकडे मागे राहिलेल्या मुलीचं काय?

इतकी वर्षं इथे राहून मीही मनातल्या मनात तिकडे सांगलीला, आईकडे जातेच. म्हणूनच दिसल्या नसतील.

शेवटी आईला फोन करून सगळी अडचण सांगितली. ती सहज म्हणाली, "अगं, तिला पोटभर जेवू घाल आणि परत पाठव. लेक वाट बघत असेल तिची."

शेवटचं पान नव्यानं लिहिलं. नायिका जेवली, आईच्या पाया पडली आणि घरी आली. कथा छोटी झाली. मला मात्र फार बरं वाटतंय.