भिंतीवरचा तपकिरी कागद

पाइन फोर्क, ओहायो
२६ एप्रिल २००६

प्रिय रोझलीनताई,

कोलंबस शहराची हवा तुला मानवली असेल असं धरून चालते. फोन उचलत नाहीस, म्हणून हा पत्राचा खटाटोप. मी ठीक. आईचे गुडघे कुरकुरतात, आणि आईही.

आमची परीक्षा एकदाची उरकली. वॉशिंग्टनवाल्यांचा तो कायदा तुला ठाऊकच आहे. यंदा तिसरीची मुलं वाचनात घसरली असती तर शाळेला कुलूपच. मुख्याध्यापक हॅकेटसाहेब नुसते थयथयाट करत होते. "ग्लेनिसबाई, परीक्षेत मुलांना भिंतीवर एक अक्षर जरी दिसलं ना, तर माझी नोकरी गेली आणि तुमचीही!" म्हणून दर वर्षीसारखा भिंतीवरच्या सगळ्या शब्दतक्त्यांवर तपकिरी कागद लावला, अगदी छतापासून जमिनीपर्यंत. वर्गात बसलं की खोक्यात कोंडल्यासारखं होतं.

परीक्षेच्या दिवशी माझ्या वर्गातली मॅकेना रडता रडता थांबली, तिथून सगळं सुरू झालं. या पोरीला दोन ओळी वाचताना घाम फुटतो, आणि ती भिंतीकडे कान करून भराभरा लिहीत होती! मग तिच्या मागचा, मग अख्खी रांग. मी जवळ गेले. कागद भिंतीपासून सुटून फुगला होता, आणि तो फुगवटा हळूहळू पुढच्या बाकाकडे सरकत होता. खिडक्या बंद होत्या गं. वाऱ्याचा मागमूस नव्हता.

मधल्या सुट्टीत मी तिला बाजूला घेतलं. "कोण सांगत होतं तुला?"

"रस्टी," ती म्हणाली, जणू मीच बावळट. "तक्ते त्याच्या बाजूला आहेत ना, बाई. शब्द अडला की तो वाचून सांगतो."

ताई, थांब. पत्र फाडू नकोस.

तुझ्या रस्टीला जाऊन एक हिवाळा सरला, हे मला कळत नाही का? दम्यानं त्याला याच भिंतीशी गाठलं. मी त्याला मांडीवर घेऊन बसले होते आणि रुग्णवाहिका घाटात अडकली होती. तू पोचलीस तेव्हा सगळं संपलं होतं. त्या दिवसानंतर तू शाळेचं दार पाहिलं नाहीस. मी तुला बोल लावत नाही. मलाही त्या कोपऱ्याकडे बघवत नव्हतं.

नियमानं पाहिलं तर ही कॉपी झाली, वर कळवायला हवी. काय कळवू, कपाळ माझं?

परीक्षा संपल्यावर मी कागद काढायला गेले, तर मुलं हाताला लोंबकळली. "नको बाई! मग तो कुठे जाईल?" त्यांना घरी पिटाळलं आणि मी कागदाला कान लावला. खूप भीती वाटली, खोटं कशाला सांगू. पण आत श्वास चालला होता, ताई. घरघर नाही, काही नाही, अगदी मोकळा.

मग त्यानं विचारलं, "मावशी, शाळा सुटली ना? आई निघाली का?"

तेव्हापासून शेवटची घंटा झाली की तो रोज हेच विचारतो. मॅकेना म्हणते, बाकी सगळी मुलं घरी जातात, त्याला न्यायलाच कोणी येत नाही.

हॅकेटसाहेबांच्या हातापाया पडून मी पुढच्या शुक्रवारपर्यंत मुदत घेतली आहे. नंतर शिपाई कागद उतरवतील. मला त्याला तिथून काढता येत नाही, ताई. हाक मारून पाहिली, तो माझ्या हाकेला येत नाही, त्याला तूच हवीस.

आज त्याला सांगून टाकलं, "निघाली आहे रे, वाटेत आहे."

मला खोटं पाडू नकोस.

तुझी वाट पाहणारी, आम्ही दोघं,
ग्लेनिस