उत्तराच्या दुकानात कोलंबीचं कालवण

कोपरी, ठाणे पूर्व
शनिवार, ११ डिसेंबर १९९९

चि. शेवंतीस थोरल्या बहिणीचे, म्हणजे जनाबाईचे, पोटभर आशीर्वाद. इकडे सगळी धडधाकट. तुझे गुडघे कसे आहेत? (एका ओळीत कळव. मागल्या पत्रात गुडघ्यांनी दोन्ही पानं खाल्लेली.)

बातमी अशी की आपल्या उत्तराला, माझ्या नामाच्या पोरीला, मानपाड्याच्या कंपनीत कॉम्प्युटरची नोकरी लागली! ती आंघोळीला गेलेली तेवढ्यात मी नऊ घरी फोन केले. दहावी तू होतीस, पण ती बाहेर आली. म्हणून हे पत्र, कळव्याला निघालेल्या दौलतच्या हाती.

कशी लागली ते ऐक. लिनक्स म्हणून एक फुकटची गोष्ट असते, तिच्यावर कॉम्प्युटर चालतो. त्यावर मराठी अक्षरं दिसावीत म्हणून उत्तराने एक गाठोडं बांधलं (ती पॅकेज म्हणते) आणि इंटरनेटवर फुकटची जागा मिळते तिथे ठेवलं. म्हणजे दुकानच, पण गल्ल्यावर कोणी नाही! नुसती पाटी, पाटीवर मालाची यादी, शेजारी माल. गिऱ्हाइकाचा कॉम्प्युटर येतो, यादी वाचतो, गाठोडं उचलतो, चालता होतो. घासाघीस नाही, शिव्या नाहीत. मी चाळीस वर्षं बाजारात बसले, बाय, असलं मुकं दुकान नाही बघितलं.

मी म्हटलं, अगं, गिऱ्हाइकाला वर काही देतेस की नाही? आपण वाट्यावर दोन कोलंब्या जास्त टाकतो, म्हणून तर बाई परत येते. ती हसली, पण पोरगी माझीच. माझ्या कोलंबीच्या कालवणाची कृती मला विचारून टाइप केली आणि गाठोड्यात सारली. (चिंच नाही, कोकम. हे तिने दोनदा लिहिलं, मी तीनदा सांगितलं.)

गुरुवारी कंपनीत परीक्षा. कुंडलिक साहेबांनी आपल्या कॉम्प्युटरवरून गाठोडं मागवलं. कॉम्प्युटर म्हणाला, नाही घेत! कारण पाटीवरच्या यादीत प्रत्येक गाठोड्याचा ठसा लिहिलेला असतो, अंगठ्यासारखा. आत काडी हलली तरी ठसा बदलतो. हिने यादी आधी बनवली, कालवण मागून घातलं, आणि यादी तशीच ठेवली. कॉम्प्युटरला वाटलं, मधे कोणीतरी माल बदलला. एवढा इमानदार ग्राहक मला आयुष्यात एक नाही भेटला, आणि नेमका परीक्षेला भेटला.

साहेबांनी विचारलं, आत जास्तीचं काय आहे? पोरीने मान खाली घालून सांगितलं, आजीचं कालवण. साहेब इतके हसले की चष्मा काढून पुसला. माणूस एवढा हसला म्हणजे नोकरी झालीच, दुसरं काय?

नामाचा नमस्कार. तुझ्या मालकांना माझा सांग, झोपले असले तरी उठवून सांग.

तुझी,
जनाबाई

ता. क. नोकरी लागली असं वर लिहिलंय ते जरा पुढचं लिहिलंय. साहेब हसल्यावर काहीतरी बोलले, ते मी आज नीट ऐकलं. सोमवारी अकराला ते पुन्हा मागवणार. घेतलं गेलं तर नोकरी, नाहीतर दुसऱ्या पोराला.

ता. क. २. तेवढ्यासाठी नवी यादी आणि गाठोडं फोनच्या तारेने वर चढवायचंय, तासभर लागतो. पण आमचा फोन कालपासून वाजतोच आहे, सगळे अभिनंदन करतात. लाइनच मोकळी मिळत नाही. म्हणून उद्या सकाळी ती कॉम्प्युटर घेऊन रिक्षाने कळव्याला तुझ्याकडे येतेय. तासभर फोनला हात लावू नकोस, कितीही बोलावंसं वाटलं तरी.

ता. क. ३. एवढ्या लोकांना कोणी सांगितलं म्हणून उत्तरा घर डोक्यावर घेतेय. मी तुझं नाव सांगितलंय. उद्या विचारेल तेव्हा हो म्हण.