तीन वाव, दोन मुठी

४ मे
बैठकीच्या खोलीत उताणी पडले, दोन्ही हात फाकून. होडी बांधायला शिकवणाऱ्या यूसुआककाकांनी बोटांच्या टोकांशी खडूने रेघा मारल्या. हा एक वाव. असे तीन — एवढी लांब माझी कयाक! रुंदी कंबरेएवढी, वर दोन मुठी. माझ्याच मुठी. दुसऱ्याच्या मापाची होडी चालत नाही म्हणे.

बाबा सोफ्यावर कॉफी पीत होते. पायाशी एवढं चाललेलं, पण नजर खिडकीबाहेर. काका जाताना म्हणाले, "लार्सेराक, पोरीला दोन शब्द सांग की." बाबा म्हणाले, "कॉफी संपलीय."

९ मे
लिहूनच टाकते. बाबांना कयाकची भोवळ होती. चोविशीतले तरणेबांड शिकारी. ऊन पडलेलं, वारा नाही, समुद्र आरशासारखा — आणि एकाएकी पाणी कुठलं, आकाश कुठलं कळेना. होडी उलटतेय असं वाटत राहिलं. हात उचलेना. दुसऱ्या शिकाऱ्याने ओढून आणलं. तिसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा त्यांनी आपली कयाक चिरून चुलीत घातली. गावात नाव पडलं — काठावरचा लार्सेराक. मी काठावरच्याची पोर.

ही भोवळ रक्तातून उतरते म्हणतात. चाळिशी उलटली, अजून मी बंदराच्या धक्क्यावरून खाली पाहिलेलं नाही. मोटरबोटीत बसते ती स्वतःच्या बुटांकडे बघत. मला एकदाच काय ते कळायला हवंय. आहे की नाही माझ्यात? पण कळलं तर पुढे काय करायचं, तेही ठाऊक नाही.

१७ मे
वरच्या दोन लांब पट्ट्या जोडल्या. खिळा एकही नाही, सगळं दोरीने बांधायचं. "लाटेबरोबर लवली पाहिजे," काका म्हणतात. लवणारी होडी! मी गाठी आणखी आवळल्या.

२८ मे
होडीच्या लाकडी बरगड्या वाफेवर वाकवल्या. चार मोडल्या. जेवायला सुकट आणि पाव, तोही भुशासकट.

२ जून
पकडले गेले! मी गुपचूप तिसरी मूठ धरली होती. काकांनी नुसतं उभं राहून पाहिलं. "ही होडी की बाळंतिणीची खाट?"

म्हटलं, रुंद असली की उलटणार नाही.

"रुंद होडी लाटेचं ऐकते, पोरी. अरुंद होडी तुझ्या कंबरेचं ऐकते."

सगळ्या गाठी सोडल्या. आडव्या पट्ट्या कापून आखूड केल्या, पुन्हा बांधल्या. रडले. बाबा उठून आत गेले.

३ जून
काल घाईत मारलेली एक गाठ आज वेगळीच दिसली. घट्ट, जुन्या धाटणीची. बाबांना विचारलं. "मांजराने मारली असेल."

आमच्याकडे मांजर नाही.

२४ जून
कॅनव्हास चढवला, शिवला, रंगवला. दारातून निघेना, मग खिडकीची चौकट काढली. शेजारणी टाळ्या वाजवत होत्या. मला वाटलं, माझी शवपेटीच चाललीय.

५ जुलै
पाण्यात बसले!! जरा वारा, बारीक लाटा, काका त्यांच्या कयाकमध्ये शेजारी. भीती वाटली, पण साधी. कुणालाही वाटेल तशी. म्हणजे माझ्यात नाही? घरी येऊन सीलचा रस्सा दोन वाट्या प्यायले.

१२ जुलै
आहे.

बाबा काठापर्यंत आले होते, कधी नव्हे ते. काका जाळं बघायला खडकापलीकडे गेले. "इथेच थांब, काठ सोडू नकोस." आणि वारा पडला. पाणी इतकं थांबलं की डोंगर वर होता तसाच खाली. मग होडीचं टोक वर उठायला लागलं. उठत नव्हतं, मला माहीत होतं! तरी उठत होतं. कंबरेपर्यंत गार पाणी चढल्यासारखं वाटलं. मान वळेना. वल्हं हातात, पण हात माझे नव्हते. ओरडायला तोंडही उघडेना. मी मरणार होते, काठ इतका जवळ असून.

डुबुक्!

पुन्हा डुबुक्. बाबा दगड मारत होते! "वर बघू नकोस! वर्तुळं बघ, वर्तुळं!" एकेक वर्तुळ येऊन होडीला टेकलं. खालचा डोंगर मोडला. पाणी परत पाणी झालं. बाबा बुटांसकट गुडघाभर पाण्यात, दगड फेकतायत, शिव्या देतायत. "आता तू मार! वल्ह्याने बडव त्याला!" बडवलं. आधी एक हात हलला, मग दुसरा.

काठाला लागले. म्हटलं, बाबा, माझ्यातही आहे.

"ठाऊक आहे. लहानपणी धक्क्यावर माझा सदरा धरून उभी राहायचीस."

दगडांचं कसं सुचलं, विचारलं. बूट उपडे करून पाणी ओतत म्हणाले, "झुळूक आली की माझी सुटायची. आज झुळूक नव्हती." मग बूट पायात घालत, "मी होतो तिथून काठ दिसत नव्हता."

१४ जुलै
गेले नाही. कयाक भिंतीशी उपडी पडलीय. तिच्याकडे बघवत नाही.

१९ जुलै
गेले. सपाट पाणी. भोवळ आली, बडवली, गेली. परत येईल. बाबा काठावर, खिशात दगड.

२३ जुलै
कामावरून आले. बाबा बैठकीत जमिनीवर उताणे, दोन्ही हात फाकलेले. मी किंचाळले! धावले, गुडघ्यांवर आपटले.

डोळे टक्क उघडे. "ओरडतेस काय? खडू आण. आणि मुठी दोनच धर."