कोपऱ्यातली आगटी

परतवाडा

तीर्थस्वरूप आत्याबाई,

तुमच्या सुनेचा, शकुनचा नमस्कार.

हे गेल्यावर तुम्ही अकोल्याला धाकट्या भाऊजींकडे राहायला गेलात. जाताना म्हणालात, "माया लेकाची बाज होती त्या कोपऱ्यात. रिकामा कोपरा मले पाहवत नाही." मलाही तो पाहवत नव्हता.

आता त्या कोपऱ्यात आगटी बांधली आहे, वर धुराडं काढून. वाचनालयातल्या पुस्तकात चित्र पाहिलं आणि कागदावर आखली. पुंजाराम गवंडी हसला, "बाई, वऱ्हाडात माणसं उन्हानं भाजून राहिले अन् तुमी घरात भट्टी लावता?" मी म्हटलं, "इथला पौष कसा असते ते आमच्या आत्याबाईच्या गुडघ्याइले इचार."

चूक माझीच झाली. पुस्तकातली माणसं खुर्चीवर बसून शेकतात, त्यामुळे आगटी उंच झाली. तुम्ही बसता पाटावर. सगळी ऊब तुमच्या डोक्यावरून गेली असती. मग ती फोडली आणि जमिनीलगत बांधून घेतली. उजव्या हाताला तुमच्या मिसरीच्या डबीपुरता कोनाडा ठेवला आहे.

हे पत्र टाकणार नाही. तुम्हाला वाचता येत नाही, आणि धाकट्या जावेने वाचून दाखवलं तर मिसरीचं वाक्य ती नक्की गाळेल. उद्या सकाळच्या बसने मीच येते आणि वाचून दाखवते.

परतीची दोन तिकिटं काढायचं मनात आहे.

तुमची,
शकुन