पश्चिमेची खोली

१२ मार्च
वास्तुशांत होऊन आठवडा झाला, तरी घर बघायला येणारे संपत नाहीत. हे प्रत्येकाला आधी गच्चीवर नेतात. सोलर पॅनेल, गरम पाण्याची टाकी, स्लॅबला मारलेला पांढरा रंग. मग मोबाईलवर दाखवणार, आज किती वीज तयार झाली. "एनर्जी एफिशियंट घर हाय आपलं."
आईला खोली मात्र वरची, पश्चिमेची. खालची गार खोली पाहुण्यांसाठी. शिरोळचं घर पुरात खचलं म्हणून इथं आलेल्या माझ्या आईला पाहुण्यांत धरत नाहीत वाटतं.
नकाशाच्या वेळी त्या खिडकीवर मी छज्जा मागितला होता. इंजि. म्हणाला, "वैनी, इलेव्हेशन मार खातंय. रस्त्यावरनं घर उठून दिसत न्हाय." दोघंही हसले. छज्जा गेला, भिंतभर काच आली.

३० मार्च
सं. वरच्या भिंतीला हात लावून बघितला. तवा. आई दिवस मावळायच्या आत जेवते आणि वर जप करत बसते, नेमकं तेव्हाच ऊन काचेतून थेट पलंगावर. आज तिनं काचेवर ओलं लुगडं टांगलं. हे गाडीतून उतरता उतरताच ओरडले, "रस्त्यावरनं काय दिसतंय ते बघा की!"
लुगडं काढलं. मलाच काढावं लागलं.

११ एप्रिल
भांडून भांडून आईच्या खोलीत एसी. कमी वीज खाणारा, मोबाईलवरून चालणारा. आधी नको नको म्हणत होती. आज दुपारी पहिल्यांदा गाढ झोपली. मी दोनदा जाऊन बघून आले. किती दिवसांनी बरं वाटलं.

१९ एप्रिल
एसी आपोआप बंद पडतोय. आई रिमोटला हात लावायला घाबरते. "माझ्याच हातनं कायतर चुकीचं दाबलं असणार. पावण्यांना सांगू नको." पावणं म्हणजे हे, तिचे जावई. मेकॅनिक येऊन गेला. त्यालाही काही सापडलं नाही.

२६ एप्रिल
लिहू नये असं वाटतंय, पण
दु. यांचे मावसभाऊ जेवायला. यांनी मोबाईल पुढं केला. "ऑफिसात बसून कळतंय, कुठला एसी चालू हाय ते. वर म्हातारीचा तासन् तास चालतोय. मी तिथनंच बंद करून टाकतो. तिला पत्ताच न्हाय!" मावसभाऊ हसले. आई ताकाचं भांडं घेऊन दारात उभी.
भांडं ठेवून वर गेली. मी मागोमाग. म्हणाली, "म्हंजे माझ्या हातनं बिघडलं नव्हतं की." सुटल्यासारखं बोलली. इतके दिवस तेच मनाला लावून घेतलं होतं तिनं. मला यांची इतकी किळस कधी आली नव्हती.
यांना जाब विचारला. म्हणे, "वीज वाचवायचीच न्हाय, तर पॅनेल कशाला बसवली?"

२८ एप्रिल
आई शिरोळला परत गेली. माझा भाऊ, दादा, न्यायला आला. मी म्हटलं, तिथं खचलेल्या घराशेजारी पत्र्याखाली कशी राहशील? "पत्रा तापतोय. पण दारात कडुलिंब हाय, त्याच्याखाली बसता येतंय. सावली कोण मोबाईलवरनं बंद करत न्हाय."
हे स्टँडपर्यंत सोडायलाही आले नाहीत. मीटिंग होती.

९ मे
यांचं आता निम्मं काम घरून. आईच्या खोलीत टेबल टाकलं, तिचा पलंग गॅरेजमध्ये. दु. घामाघूम होऊन खाली आले. "माणूस बसंल कसा त्या खोलीत?" मी भाकरी थापत होते. थापत राहिले.
सं. इंजि. हजर. "साहेब, पश्चिम हाय. छज्जा पाहिजेच." इलेव्हेशनचं नाव नाही. मी चहा नेऊन ठेवला. दोघांनाही काही आठवलं नाही.

२३ मे
छज्जा झाला. सं. काचेवर सावली, भिंत गार, एसी लावायचीही गरज नाही. हे येईल त्याला सांगतात, "आयडिया माझी."
जेवणं झाल्यावर मी वर त्याच खोलीत होते, तेव्हा आईचा फोन.
"खोली गार झाली म्हणं? दादा सांगत होता."
"व्हय."
"मग येऊ का?"
समोर यांचं टेबल, यांची खुर्ची, भिंतीवर यांचं सर्टिफिकेट.
"ये," म्हटलं. "सोमवारीच ये."
हे खाली बातम्या बघत बसलेत. त्यांना अजून सांगितलेलं नाही.