सुंदराचं लुगडं

७ डिसेंबर १९६८, दहिवली
म्हशीनं आज धाकलूला लाथ घातली! शेजारची सुंदरा ऑपरेशनला दवाखान्यात गेली, तेव्हापासून तिची मैना कुणालाच धार काढू देत नाही. पारडू तर मागेच गेलं. सुंदराचा दीर हा धाकलू. म्हणतो, "आटंल आता. कडावच्या गवळ्याला देऊन टाकतो." सुंदराला नवरा नाही, शेत नाही — आहे ती ही एक म्हैस!

८ डिसेंबर
"वैनीचं लुगडं नेसून बसलं तर फसंल ती," धाकलू म्हणाला.
"मग नेस की!"
"मी? गावात तोंड कुटं दाखवू, बाई?"
मग उरले मीच. आठवड्याची मुदत मागून घेतली.

९ डिसेंबर
सुंदराचं न धुतलेलं हिरवं लुगडं. शेणाचा, मशेरीचा वास. तिच्यासारखंच ओरडले, "सोड गं माजे बाय!" थेंब नाही. धाकलू हसून हसून खाली बसला — "तुमी तर तिला वेडावताय!"

खरंच, वेडावणं कुठं संपतं, अनुकरण कुठं सुरू होतं? कॉन्व्हेंटच्या शाळेत बाकावरच्या शेजारणीचं गणित उतरवलं म्हणून मदर सिसिलियांनी मला पट्टी मारली. स्वतःच्या अक्षराचा कित्ता मात्र वर्षभर गिरवायला लावला! एक पाप, दुसरा अभ्यास. मदर कधीच गेल्या. माझी सही अजून त्यांच्याच वळणाची आहे.

११ डिसेंबर
आठवलं! सुंदरा आधी बोलतच नाही. म्हशीच्या कुशीला कपाळ टेकून नुसती बसते. तशीच बसले. काहीच करत नव्हते — आणि पान्हा! लोटाभर दूध. बोटं वळत नाहीत, गुडघे कुरकुरतायत.

१३ डिसेंबर
दीड शेर!! बसल्या बसल्या शाळेतली प्रार्थना गुणगुणत होते.

१६ डिसेंबर
लुगडं धुतलं — सुंदराला स्वच्छ मिळावं. माझंच पातळ नेसून गेले, भीत भीत. तरी दोन शेर. धाकलूनं गवळ्याला परत पाठवलं.

२० डिसेंबर
सुंदरा घरी आली. धाकलूनं तिला सगळं सांगितलं. हिरवं लुगडं नेसून मैनेच्या कुशीला कपाळ टेकलं. थेंब नाही. तिनं रिकामा लोटा बाजूला ठेवला. मग मागे न बघता म्हणाली,
"बाई, तुमचं एक पातळ द्या. आनि काय ते गुणगुणता, शिकवा मला."