आवाज वेळेवर निघावा म्हणून लॅपटॉपची मेमरी वाढवून मिळण्याबाबत

प्रति,
मा. प्रशासकीय अधिकारी,
वाचा-साहाय्य साधने कक्ष,
सार्वजनिक रुग्णालय.

विषय : रुग्णास दिलेल्या लॅपटॉपमधील कमी भरलेली मेमरी पुरी करून देणे, अथवा ती बाहेरून बसवून घेण्यास लेखी परवानगी देणे.

संदर्भ : अर्जदाराचे यापूर्वीचे दोन अर्ज व त्यांवरील आपल्या कक्षाचे उत्तर, "साधन मंजूर तपशिलाप्रमाणे आहे."

महोदय,

१. अर्जदार ही सदर रुग्णाची पत्नी आहे. रुग्ण अनेक वर्षे मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवीत होते. घशाच्या आजारामुळे त्यांचे स्वरयंत्र काढावे लागले. शस्त्रक्रियेपूर्वी आपल्याच कक्षाने त्यांना बंद खोलीत बसवून त्यांचा आवाज ध्वनिमुद्रित करून घेतला, हे अर्जदार कृतज्ञतेने नमूद करते. नेमून दिलेली वाक्ये वाचून झाल्यावर त्यांनी पदरची काही घातली. त्यांत "क्लच सोड, हळू" हे आहे, आणि अर्जदारास ते घरात ज्या नावाने हाक मारीत तेही आहे.

२. तो आवाज भरून दिलेला लॅपटॉप मिळाल्यावर अर्जदाराने तो जेवणाच्या टेबलावर मांडून स्वतः सुरू केला. भाषा निवडली, वायफाय जोडले, अपडेट होईपर्यंत चार्जर लावून बसून राहिली, मग टाइप केलेले रुग्णाच्या आवाजात बोलून दाखवणारा प्रोग्रॅम घातला. रुग्णांनी पहिले वाक्य टाइप केले. पडद्यावर बराच वेळ नुसते चक्र फिरत राहिले. आवाज आला तो मात्र हुबेहूब त्यांचाच होता. त्यांनी विचारले होते, "चहा करतेस का?" अर्जदार लगेच आत गेली, कारण डोळे पुसायचे होते. मग चहाही केला.

३. पुढे लक्षात आले की प्रत्येक वाक्य असेच मागून येते. "साखर नको" हे कप रिकामा झाल्यावर ऐकू येई, आणि सुरुवातीला त्यावर दोघे हसत. परंतु परगावी असणाऱ्या मुलीचा फोन आला, तेव्हा तिने दोनदा "बाबा, ऐकताय ना?" असे विचारले आणि शेवटी "दमला असाल, ठेवते" म्हणून फोन ठेवला. त्यानंतर लॅपटॉप म्हणाला, "ठेवू नकोस, बोलतोय मी."

४. कारण शोधण्यासाठी अर्जदाराने लॅपटॉपच्या माहितीचे पान उघडले. खोक्यावर मेमरी आठ जीबी छापली आहे, पडद्यावर चार दिसते. प्रोग्रॅमला किमान आठ लागते. भांडार विभागातील कारकुनांनी खोक्यावरचा दुसरा आकडा दाखवून "दोनशे छप्पन दिलेत की, आठासाठी काय भांडता?" असे सुनावले. अर्जदार खोके घेऊन परतली, कारण फरक तिलाही ठाऊक नव्हता. आपल्या तंत्रज्ञांनी नंतर समजावले की दोनशे छप्पन ही साठवणुकीची जागा, म्हणजे घरातले कपाट. मेमरी म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. कपाट केवढेही असो, ओटा वीतभर असला की एक भांडे उचलल्याशिवाय दुसरे ठेवता येत नाही. त्यांनी तळाचे झाकण काढून दाखवले. मेमरीच्या पट्टीची एक खाच रिकामीच आहे. "काम किरकोळ आहे ताई, पण साहेबांच्या सहीशिवाय मला पट्टी घालता येत नाही," असे म्हणून त्यांनी झाकण लावले व नवे सील चिकटवले.

५. अर्जदाराचे दीर पट्टी आणून बसवण्यास एका पायावर तयार आहेत. तथापि सील तुटल्यास साधन परत घेतले जाईल अशी अट आहे, आणि परत आलेल्या यंत्रातील सर्व काही पुसले जाते असे चौकशीअंती कळले. आवाजाची दुसरी प्रत कक्षाकडे नाही. सबब दिरांना अर्जदारानेच थांबवले आहे.

६. ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांनी रुग्णांना गाडीऐवजी वर्गात वाहतुकीचे नियम शिकवण्यास सांगितले. पहिल्या वर्गास अर्जदार मागच्या बाकावर होती. एका बाईंनी विचारले, चौकात आधी कोणी जायचे. उत्तर येईपर्यंत शेजारच्या गृहस्थांनी हँडब्रेक कधी ओढायचा हे विचारले, आणि त्यांना उत्तर मिळाले, "उजवीकडच्याला जाऊ द्या." वर्ग हसला. रुग्णही हसले. घरी येऊन त्यांनी लॅपटॉप मिटला, तो अद्याप उघडलेला नाही. आता ते पाटीवर लिहितात, तेही "हो" किंवा "नको" एवढेच. मालकांना काय कळवू, असे विचारले असता त्यांनी पाटी पुसून बाजूला ठेवली.

७. तरी मंजूर मेमरी बसवून मिळावी. ते शक्य नसल्यास सील उघडण्याची लेखी परवानगी मिळावी. यांपैकी काहीच होणार नसेल, तर निदान यंत्र परत मागू नये.

८. हा अर्ज लिहून होत असताना रुग्ण शेजारी बसून वाचीत होते. सहावा परिच्छेद गाळावा असे त्यांनी पाटीवर लिहिले. अर्जदाराने ऐकले नाही. तेव्हा ते उठले आणि त्यांनी लॅपटॉप उघडला, त्यामुळे वर लिहिलेले आता खरे राहिलेले नाही. अर्जदार सातवा परिच्छेद पुरा करीत असताना मागून आवाज आला, "मीच येतो बोलायला." त्याप्रमाणे ते अर्जासोबत समक्ष येत आहेत. आपल्याशी काय बोलायचे ते त्यांनी अर्जदारासही सांगितलेले नाही. त्यांचे वाक्य पुरे होईपर्यंत कृपया पुढच्या माणसास आत बोलावू नये.

आपल्या सहीची वाट पाहणारी,
(सही)
रुग्णाची पत्नी

दिनांक : आवक शिक्क्याप्रमाणे

सोबत : खोक्यावरील तपशिलाचे छायाचित्र, पडद्यावरील तपशिलाचे छायाचित्र, आणि रुग्ण स्वतः.